रोजच्या वापरासाठी मेकअप ब्रशचा सेट कसा पारखायचा?

रानजाई

रोजच्या मेकअपसाठी बारा ब्रशांचा एक सेट घेतला होता. आता तो भरपूर वापरून आणि बऱ्याचदा धुऊन झालाय, म्हणून धागा काढतेय. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये. हुबेहूब असेच दिसणारे सेट निरनिराळ्या नावांनी मिळतात, त्यामुळे नाव कळून फारसा उपयोग नाही. ब्रश हातात आल्यावर तो कामाचा आहे की नाही हे ओळखायचं कसं, यावर बोलूया.

माझा रोजचा मेकअप म्हणजे फाउंडेशनचा पातळ थर, डोळ्यांखाली कन्सीलर, वर कॉम्पॅक्ट, किंचित ब्लश, पापण्यांवर एकच मॅट शेड आणि भुवया. सगळं सकाळच्या घाईत उरकायचं, त्यामुळे ज्या ब्रशचे नखरे सांभाळावे लागतात तो माझ्या उपयोगाचा नाही.

सेटमध्ये मोठा पावडर ब्रश, सपाट माथ्याचा दाट फाउंडेशन ब्रश, तिरका ब्लश ब्रश, फॅन ब्रश, कन्सीलरचा चपटा ब्रश, डोळ्यांचे पाच, भुवयांचा (एका टोकाला तिरका, दुसऱ्या टोकाला स्पूली, म्हणजे भुवया विंचरायची छोटी गोल ब्रशी) आणि ओठांचा. सगळे केस सिंथेटिक, दांडे लाकडी.

सगळ्यात देखणा पावडर ब्रश. गुबगुबीत, मऊ, गालावरून फिरवला की बाकीचे बघायची इच्छाच होत नाही. माझ्या मते असे सेट खपतात ते या एका ब्रशच्या जोरावर. पण तोच ब्रश हाताच्या पाठीवर उभा धरून हलकेच दाबला की केस चहूबाजूंना फाकतात आणि मधल्या मधे धातूच्या पट्टीची कड त्वचेला लागते. म्हणजे बाहेरून दिसतो तेवढा केसांचा भरणा आत नाहीच. कॉम्पॅक्टवर फिरवला तर पावडर कडेच्या केसांना लागते, मधे फारशी लागत नाही, आणि गालावर टेकवला की पुसट गोल कडं उमटतं. ते मग बोटाने पुसत बसा.

तिरका ब्लश ब्रश दिसायला अगदीच साधा, पण कामाला चोख. दाबला की वाकतो, सोडला की जागेवर येतो. रंग एकदम थापला जात नाही, हळूहळू वाढवता येतो. फाउंडेशनचा दाट ब्रशही चांगला आहे, फक्त तो थोडं फाउंडेशन स्वतःच्या पोटात ठेवून घेतो.

डोळ्यांच्या पाचांपैकी दोन जवळजवळ जुळे आहेत. एकावर ‘शेडर’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘स्मज’, शेजारी शेजारी धरले तर लांबीत नखभर फरक. ब्लेंडिंगचा ब्रश टोचतो. हातावर कळत नाही, पापणीवर गोल फिरवला की डोळ्यात पाणी येतं.

धुतल्यावर पहिल्यांदा काळसर रंग उतरला, थोडे केस गळले, नंतर थांबलं. पावडर ब्रश मात्र वाळल्यावर भिजलेलं मांजर अंग झाडून उभं राहावं तसा पिंजारला आणि मूळच्या आकारात काही परत आला नाही. ओठांच्या ब्रशचा दांडा पट्टीत हलायला लागलाय. तो मी नेहमी आडवाच वाळवते, तरीही.

तुम्ही लोक काय बघून घेता? आणि बारा लागतात का खरंच?

चष्मिष्ट

छान लिहिलंयस गं. बारा कशाला लागतात? तुझ्याच यादीत बघ, कामं सहा आहेत. फॅन ब्रश रोजच्या मेकअपमध्ये कोण वापरतं ते मला एकदा बघायचंय.

सेट घेताना मी आधी स्वतःच्या मेकअपची कामं कागदावर लिहिते आणि सेटमधला कुठला ब्रश कुठल्या कामाचा ते जुळवते. निम्म्याहून जास्त ब्रशांना काम मिळालं नाही तर सुटे घेते. ‘चोवीस ब्रशांचा सेट’ असतो त्यात स्पूली, पापण्यांचा कंगवा, स्पंजाच्या टोकाची काडी असलं सगळं मोजलेलं असतं.

टिकलीबाई

मी धाग्यावर विरोधी पक्षात बसते. :) क्रीम ब्लश आणि फाउंडेशनला बोटांइतकं चांगलं काही नाही. बोटाच्या उबेने क्रीम सैल होतं आणि त्वचेत बसतं. हात साबणाने धुतले की झालं, आठवड्याचं ब्रश-धुणं नको. ब्रश फक्त पावडर आणि भुवयांना. म्हणजे दोन.

सुरमई

टिकलीबाई, कोरड्या त्वचेवर चालेल. माझ्यासारख्या मुरमांच्या त्वचेवर बोटाने चोळाचोळ केली की लाली वाढते. अर्थात दाट ब्रशने घासलं तरी तेच होतं. रानजाईने म्हटलंय तसा सपाट माथ्याचा ब्रश घेऊन लोक चेहरा घासून काढतात, त्यापेक्षा तो नुसता टेकवत टेकवत गेलं तर डागही झाकला जातो आणि त्वचाही चिडत नाही. घासलं तर कन्सीलर आपणच पुसून काढतो.

पारखायच्या यादीत माझा एक मुद्दा: वाळायला किती वेळ लागतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला दर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुवायचा आहे. रात्री धुतलेला ब्रश सकाळी आतून ओला असेल तर आपण तो पुढच्या वेळी धुवायची टाळाटाळ करतो. फार दाट ब्रशचं हेच दुखणं आहे. वरून कोरडा लागतो, बुडाशी चिमटीत धरून दाबला तर गार लागतो.

बोरूबहाद्दर

मेकअपमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण जलरंगांमुळे ब्रशांशी जुना संबंध आहे, म्हणून तोंड घालतो.

रानजाई, तुमचा टोचणारा ब्रश भिंगाखाली धरून बघा. केसांची टोकं निमुळती होत गेलीत की आडवी कापलेली आहेत? नैसर्गिक केस टोकाला आपोआप बारीक होत जातो. सिंथेटिक धागा यंत्रातून निघतो तेव्हा सगळीकडे सारख्याच जाडीचा असतो, टोक निमुळतं करायला वेगळी प्रक्रिया करावी लागते. ती वाचवली, किंवा ब्रश बांधून झाल्यावर आकार देण्यासाठी कात्री चालवली, की प्रत्येक केसाचं टोक बोथट राहतं. बोथट टोक पापणीला टोचणारच. घोटीव कागदासारख्या जाड गालाला ते कळत नाही... माफ करा, नाजूक गालांना म्हणायचं होतं.

आकार न कापताही देता येतो. जपानमध्ये हिरोशिमा प्रांतात कुमानो म्हणून ठिकाण आहे, तिथले सुलेखनाचे ब्रश एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेले आणि आता मेकअपचेही. तिथे केसांची टोकं खाली करून गुच्छ एका छोट्या लाकडी साच्यात ठेवतात आणि ठोकून ठोकून बसवतात. साच्याच्या खोलगटपणाने माथ्याला गोलाई येते, आणि कापायचं ते बुडाकडून. टोकं अस्पर्श राहतात. १९७५ साली जपान सरकारने कुमानोच्या ब्रशांना पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. २०११ साली जपानच्या महिला संघाने फुटबॉल विश्वचषक जिंकला तेव्हा सरकारने राष्ट्रीय सन्मानाबरोबर खेळाडूंना भेट दिली ती कुमानोच्या मेकअप ब्रशांची.

गवतफुला

फुटबॉल आणि मेकअप ब्रश! हे माहीत नव्हतं.

पण मग नैसर्गिक केसांचेच घ्यावेत का? आणि ते ओळखायचे कसे? एका सेटवर ‘नॅचरल’ लिहिलेलं, आणि हात लावला तर प्लास्टिक वाटत होतं.

बोरूबहाद्दर

गळलेला एखादा केस चिमट्यात धरून जाळून बघा. सिंथेटिक वितळून त्याची गुठळी होते. खरा केस जळून त्याची राख होते आणि केस जळाल्याचा तो ओळखीचा वास येतो. ब्रशलाच काडी लावू नका म्हणजे झालं.

अधेमधे

मी व्यवसायाने मेकअप करते, गवतफुलाच्या पहिल्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते.

शेळी, खार, तट्टू, सेबल यांचे केस ब्रशांत वापरतात. आपल्या केसासारखेच या केसांवरही सूक्ष्म खवले असतात, त्यांत पावडरचे कण अडकतात आणि चेहऱ्यावर हळूहळू सुटतात. म्हणून सुकी पावडर, ब्लश, आयशॅडो यांना नैसर्गिक केस छान. तेच केस फाउंडेशनमध्ये बुडवले की ते शोषून घेतात, चिकट होतात आणि धुताना जीव जातो. सिंथेटिक म्हणजे बहुधा नायलॉन किंवा पीबीटी नावाचं पॉलिएस्टर. ते गुळगुळीत, म्हणून द्रव आणि क्रीमला उत्तम. रानजाईचा फाउंडेशन ब्रश ‘पोटात ठेवतो’ ते केसाच्या आत जात नाही, दाट केसांच्या मधल्या फटींत अडकतं. फाउंडेशन हातावर घेऊन फक्त माथा टेकवून उचललं तर बरंच वाचतं.

हे झालं पुस्तकी. पण रोज एकाच चेहऱ्यावर साधा मेकअप करायचा असेल तर मी सरळ सिंथेटिक घ्या म्हणते. धुवायला सोपे, लवकर वाळतात, क्रीम आणि पावडर दोन्हीला चालतात. हल्ली नागमोडी केलेले आणि टोकाला निमुळते सिंथेटिक केस मिळतात, ते पावडरही नीट धरतात. नैसर्गिक ब्रशांचा फरक दिसतो तो चार-पाच शेड एकमेकांत मिसळताना. रोज एकच मॅट शेड लावणाऱ्या व्यक्तीला तो बघायला मिळणारच नाही.

आणखी एक. ‘क्रुएल्टी-फ्री’ लिहिलंय म्हणजे प्राण्याचे केस नाहीत असं धरून चालू नका. काही उत्पादक ‘केस कातरून घेतो, प्राण्याला इजा करत नाही’ म्हणून तसं लिहितात. प्राण्याचं काहीच नको असेल तर ‘व्हीगन’ किंवा ‘शंभर टक्के सिंथेटिक’ शोधा.

दांड्याची लांबी कुणीच बघत नाही! लांब दांडे आमच्यासाठी असतात, समोरच्याच्या चेहऱ्यावर काम करताना अंतर ठेवायला. स्वतः आरशाला नाक लावून भुवया कोरत असाल तर लांब दांडा आरशावर आपटतो. रोजच्यासाठी आखूड बरा.

चष्मिष्ट

आरशावर आपटणारा दांडा! चष्मा काढून डोळ्यांचा मेकअप करणाऱ्यांचं रोजचं रडगाणं. मी एक दांडा चक्क करवतीने कापलाय.

सुरमई

टिकलीबाईंच्या ‘धुणं नको’वरून आठवलं. ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. लोकांच्या वापरातली लिपस्टिक, आयलायनर, मस्कारा, मेकअपचे स्पंज तपासले, त्यांतल्या सुमारे ९० टक्के वस्तूंवर जिवाणू सापडले. सगळ्यांत वाईट अवस्था स्पंजांची. ९३ टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के जमिनीवर पडूनही तसेच वापरात होते. त्यात ब्रश नव्हते, पण न धुतलेला ओलसर ब्रश स्पंजापेक्षा फार वेगळा वागेल असं मला वाटत नाही.

टिकलीबाई

म्हणजे बोटंच बरी की! माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

सुरमई

बोटं धुतलेली असतील तर. :)

बोरूबहाद्दर

अवांतर: पहिल्या महायुद्धाच्या काळात दाढीच्या ब्रशांमधून सैनिकांना अँथ्रॅक्स झाल्याच्या नोंदी आहेत. बॅजर नावाच्या प्राण्याचे केस मिळेनासे झाले, मग घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे रंगवून वापरले गेले आणि ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करताना कापलं की तिथून संसर्ग. प्राण्यांच्या केसांवर आधी प्रक्रिया करणं किती महत्त्वाचं आहे ते यावरून कळावं.

गवतफुला

बापरे. मी सिंथेटिकच घेते.

धुण्याबद्दल कुणीतरी नीट सांगा ना. मी आत्तापर्यंत नळाखाली धरून चोळते आणि पेल्यात उभे ठेवते.

अधेमधे

पेल्यात उभे नकोत! पाणी केसांतून खाली पट्टीत उतरतं. तिथे गुच्छ गोंदाने बसवलेला असतो. गोंद सारखा ओला राहिला की केस गळायला लागतात, लाकडी दांडा फुगतो, वाळल्यावर आकसतो आणि पट्टी सैल होते.

कोमट पाणी, सौम्य शाम्पू किंवा बाळांचा शाम्पू. ब्रशचं तोंड कायम खाली. तळहातावर शाम्पू घेऊन त्यावर ब्रश गोल फिरवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको. मग टॉवेलमध्ये हलकेच दाबायचा, पिळायचा नाही, बोटांनी मूळ आकार द्यायचा आणि टेबलाच्या कडेवर असा आडवा ठेवायचा की केस कडेच्या बाहेर हवेत राहतील. म्हणजे खालच्या बाजूनेही हवा लागते आणि एक बाजू चपटी होत नाही.

सेट नवा असेल तर वापरण्याआधी एकदा असंच धुवा आणि तीच खरी परीक्षा समजा. सुरुवातीला मोजके केस गळणं आणि थोडा रंग उतरणं चालतं. तिसऱ्या धुण्यालाही पाणी काळं येत असेल किंवा केस गालावर चिकटून राहत असतील तर तो ब्रश परत करा. धुतल्यावर गोंदाचा उग्र वास येत असेल तरीही.

स्पिरिटचं विचारणार असाल तर: एकाच चेहऱ्यासाठी रोज गरज नाही. मी दोन व्यक्तींच्या मधे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते. त्याहून तीव्र चांगलं असं लोकांना वाटतं, पण ते लगेच उडून जातं, जिवाणूंवर काम करायला त्याला वेळच मिळत नाही. आणि अल्कोहोलने फाउंडेशनची पुटं निघत नाहीत, आधी धुवावंच लागतं. नैसर्गिक केस त्याने रखरखीत होतात, ते वेगळं.

रानजाई

काय सुंदर प्रतिसाद आलेत!

बोरूबहाद्दर, भिंग घेऊन बसले. ब्लेंडिंग ब्रशची टोकं सपाट कापलेली आहेत, ब्लश ब्रशची बारीक होत गेलीत. एकाच सेटमधले दोन ब्रश, म्हणजे हे सगळे एका जागी तयार होत असतील याचीही खात्री नाही. मोठे दोन-तीन मन लावून करायचे आणि छोटे उरकून टाकायचे असं काहीसं दिसतंय. माझं तर आता मत झालंय की सेट बघायचा असेल तर पावडर ब्रशला हातही लावू नये, आधी डोळ्यांचे ब्रश काढून पापणीवर फिरवून बघावेत. स्वस्तात उरकलेलं काम तिथे लपत नाही.

चष्मिष्ट

दुकानातले ब्रश पापणीवर फिरवू नकोस बाई! सुरमईचा प्रतिसाद वाचलास ना वर?

रानजाई

अगं नाही, घरी आणून धुतल्यावर! दुकानात मनगटाच्या आतल्या बाजूला, तिथली त्वचा पातळ असते. आणि ऑनलाइन घेत असाल तर माथ्याचा जवळून काढलेला फोटो बघा, नुसता बाजूने काढलेला पुरत नाही. बाजूने सगळेच गुबगुबीत दिसतात.

सुरमई

पट्टीकडेही बघा. बुडाशी जिथे ती दांड्यावर दाबून बसवलेली असते तिथे एकाऐवजी दोन खाचा असतील तर पकड घट्ट राहते. ब्रश पकडून दांडा हळूच पिळायचा. नव्या ब्रशमध्ये जराही हलला तर तो टिकायचा नाही.

टिकलीबाई

बरं, विरोधी पक्षाचा एक प्रश्न. या सगळ्या परीक्षा करून रानजाईने सेट ठेवावा की नाही?

अधेमधे

ठेवावा. फाउंडेशन, ब्लश, कन्सीलर, डोळ्यांचा एक चपटा आणि भुवयांचा, एवढ्या पाचांबद्दल तिची मोठी तक्रार नाही, तेवढ्यावर रोजचा चेहरा होतो. एक मध्यम आकाराचा दाट पावडर ब्रश आणि एक मऊ ब्लेंडिंग ब्रश सुटा घे. पावडर ब्रश फार मोठा नको, नाकाच्या कडेला आणि डोळ्यांखाली पोचला पाहिजे. जुना पिंजारलेला फेकू नकोस, सगळं झाल्यावर जास्तीची पावडर झटकायला तो उत्तम, तिथे विरळ असलेलाच बरा.

रानजाई

हे पटलं. आणि ओठांच्या ब्रशचं काय करू? तो दुरुस्त होतो का?

अधेमधे

काय सुटलंय त्यावर आहे. केसांचा गुच्छ पट्टीतून निघत असेल तर नाद सोड. दांडा पट्टीतून निघत असेल तर पूर्ण बाहेर ओढ, दोन दिवस कोरडा होऊ दे, जुना गोंद खरवडून काढ आणि एपॉक्सी लावून बसव. सुपरग्लू लावू नकोस, तो पाण्याने फार टिकत नाही.

रानजाई

दांडाच आहे. ओढला, निघाला.